पाणी उडतं म्हणे! काढा तो पाइप बादलीतून

नळाला रबरी पाइप लावायचा, त्याचं दुसरं टोक फिनाइलच्या बादलीत पार बुडाशी खुपसायचं, नळ सोडायचा आणि दुसऱ्या कामाला चालू पडायचं. आमच्या इमारतीत जिन्याखाली हे रोज चालतं. बादलीत जिना पुसलेलं करडं पाणी, वर फेस, फेसात अडकलेले केस, आणि त्या सगळ्याच्या तळाशी तो पाइप. पाइप ज्या नळाला लावलाय तो पिण्याच्या पाण्याच्या लाइनवरचा. मी पाइप काढून बादलीच्या काठावर टेकवला की दहा मिनिटांत पुन्हा आत. का? तर "पाणी उडतं ना ताई!" म्हणजे जमिनीवर चार शिंतोडे उडू नयेत म्हणून अख्ख्या इमारतीच्या पिण्याच्या पाण्याला फिनाइलपर्यंतचा रस्ता मोकळा करून द्यायचा. वा!

समजावायला जावं तर सगळ्यांचं पालुपद एकच: पाणी नळातून बाहेर येतं, आत कसं जाईल? अहो, दाब जिकडे कमी तिकडे पाणी जातं, नळ कुणी कशासाठी बसवलाय याच्याशी त्याला काय देणंघेणं! मेन लाइन फुटली, दुरुस्तीसाठी कुणी व्हॉल्व्ह बंद केला, जवळपास आग लागली म्हणून बंबांनी भराभर पाणी ओढलं, किंवा कुणा महाभागाने पाणी कमी येतं म्हणून थेट लाइनवरच पंप बसवला, की दाब कोसळतो. कधी कधी बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षाही खाली जातो. वरच्या मजल्यांच्या पाइपात उभं असलेलं पाणी खाली घसरायला लागतं आणि घसरताना मागचं ओढतं. त्या वेळी वर कुठे नळ उघडा असेल आणि त्याचं तोंड कशात तरी बुडालेलं असेल, तर तिथलं जे काही आहे ते आत येतं. दीड मीटर वर चढवायला 0.15 बारची, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण सातव्या हिश्शाएवढी, ओढ पुरते. एवढा दाब पडायला भूकंप लागत नाही. गाडीच्या टाकीतून नळीने पेट्रोल काढताना "वर कसं चढेल" असं कुणी विचारत नाही, तिथे सगळे शास्त्रज्ञ. बादलीपाशी आलं की विज्ञान संपलं.

आणि बादली तरी दिसते. संडासातला जेट स्प्रे बघा. हुकवरून निसटलेला, कमोडमध्ये लोंबकळणारा, टोक पाण्याला टेकलेलं. घोडा सोडला की पाणी बंद झालं, असं समजून कोपऱ्यातला अँगल कॉक कायम उघडा ठेवायचा. त्या हातातल्या प्लास्टिकच्या घोड्यातला वॉशर झिजला की थेंब थेंब गळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. गळतो म्हणजे तो नीट बंद होत नाही, आणि नीट बंद होत नाही म्हणजे ओढ आली की त्याच फटीतून कमोडचं पाणी उलटं चढू शकतं. ब्रिटनमध्ये 1999 च्या नियमांत पाण्याचे धोक्याप्रमाणे पाच वर्ग केले आहेत. पहिला पिण्याचा, पाचवा सगळ्यात घातक. कमोडमधलं पाणी पाचव्यात. आणि या पाचव्या वर्गासाठी साधा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, पुरेसा धरत नाहीत. आमच्याकडे जेट स्प्रेला तो साधा व्हॉल्व्हही कुणी बसवलेला नाही, हुक तुटून कित्येक महिने झाले, आणि मी बोलले की मीच किरकिरी.

प्लंबर! त्यांच्याबद्दल किती बोलू. "ताई, एनआरव्ही टाकलाय, आता टेन्शन नाही." एनआरव्ही म्हणजे तोच चेक व्हॉल्व्ह. टाकलाय तो कधी, कुठे, बाणाची दिशा बरोबर आहे का, नंतर कुणी उघडून बघितलाय का? त्या व्हॉल्व्हच्या आत एक झडप आणि एक बैठक. मधे वाळूचा एक कण अडकला किंवा क्षार साचले की झडप पूर्ण टेकत नाही. बाहेरून पितळ चकचकीत, आत फट. म्हणून जिथे धोका खरा आहे तिथे एकापाठोपाठ दोन झडपा आणि मधल्या कप्प्यात कमी दाब ठेवणारं साधन बसवतात. झडप बिघडली की त्या कप्प्यातलं पाणी मागे न जाता खालच्या तोंडातून बाहेर सांडतं. त्याची दर वर्षी तपासणी करायची असते. आता आमच्या लोकांची अक्कल ऐका. आमच्या इमारतीतल्या अशा साधनाचं ते तोंड सारखं ठिबकायला लागलं. साधन ओरडून सांगतंय की बाबांनो, आत बिघाड झालाय. यांनी काय केलं? त्या तोंडाला बूच मारलं! जमीन ओली होत होती म्हणे. दुसऱ्या एका इमारतीत तर तेच साधन जमिनीखालच्या खड्ड्यात बसवलेलं पाहिलं. पावसात खड्डा भरणार, ठिबकायचं तोंड गढूळ पाण्यात बुडणार. म्हणजे घाण अडवायला आणलेल्या वस्तूनेच घाणीला दार काढून दिलं.

खरं तर सगळ्यात भरवशाचा उपाय फुकट आहे. हवा! नळाचं तोंड आणि खालच्या भांड्याचा काठ यांत मोकळं अंतर. सर्वसाधारण नियम असा की तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कितीही बारीक नळ असला तरी 25 मिलिमीटरपेक्षा कमी नाही. पाणी कितीही ओढलं गेलं तरी मधल्या हवेला उडी मारून वर येत नाही. यात झडप नाही, स्प्रिंग नाही, झिजण्यासारखं काहीच नाही. आणि नेमकं हेच कुणाला नको असतं. गच्चीवरच्या टाकीत बॉल कॉकमधून पाणी पडताना आवाज येतो म्हणून त्याला खाली पाइपचा तुकडा जोडून थेट तळापर्यंत नेतात. आवाज बंद, झोप छान! जमिनीखालच्या टाकीचा ओव्हरफ्लो बाहेर दिसायला वाईट दिसतो म्हणून तो सरळ गटाराच्या चेंबरला जोडून टाकतात. गटार तुंबलं की तिकडचं इकडे यायला कुणाची परवानगी लागणार आहे?

मग ठरलेलं वाक्य येतं: "इतकी वर्षं असंच आहे, कुणाला काही झालं का?" याच वाक्याने माझं डोकं फिरतं. झालं असेल तर कळणार कसं? दाब पडतो, थोडी घाण आत येते, दाब परत येतो, ती घाण कुणाच्या तरी पेल्यात जाते, आणि नंतर नळातून स्वच्छ पाणी. पुरावा वाहून गेलेला. घरात पोट बिघडलं की बाहेरच्या खाण्यावर खापर. क्लोरीन आहे ना, असंही कुणीतरी शहाणा म्हणतोच. पाण्यात उरलेला जरासा क्लोरीन मैल्याच्या लोंढ्यापुढे टिकत नाही, आणि फवारणीच्या औषधाचं तर तो काहीच वाकडं करत नाही.

जिथे कळलं, तिथे काय झालं तेही सांगते. 1933 मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शनाच्या गर्दीच्या काळात हॉटेलांतल्या जुन्या, चुकीच्या जोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं. अमिबाच्या आमांशाची साथ आली आणि 98 माणसं गेली. 1969 मध्ये अमेरिकेतल्याच होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघात खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून 90 जणांना काविळीच्या विषाणूची लागण झाली. कारण? आग विझवायला बंबांनी पाणी ओढलं, दाब पडला, आणि मैदानाला पाणी घालायच्या नळाभोवतीच्या खड्ड्यात साचलेलं दूषित पाणी पाइपात शिरलं. उरलेला अख्खा हंगाम रद्द. 2007 मध्ये फिनलंडच्या नोकिया गावात सांडपाणी प्रक्रिया केंद्रात दोन लाइनी एकमेकींना जोडलेल्या होत्या, मधे एक व्हॉल्व्ह. देखभालीच्या वेळी तो उघडला गेला आणि शेकडो घनमीटर सांडपाणी पिण्याच्या लाइनीत गेलं. आठ हजारांहून जास्त लोक आजारी. फिनलंडमध्ये! आणि आमचे लोक बोअरची लाइन आणि पिण्याची लाइन एका व्हॉल्व्हने जोडून ठेवतात, "अडीनडीला असू दे" म्हणून. आग विझवायच्या लाइनीत वर्षानुवर्षं सडलेलं काळं पाणी उभं, तीही त्याच पाइपाला चिकटलेली.

इमारतीच्या बैठकीत हा विषय काढला. दोन वाक्यं होईतो एक काका घड्याळ बघायला लागले. "तुम्ही फार वाचता, ताई," असं म्हणून विषय पुढे ढकलला आणि पाऊण तास गेटला कुठला रंग द्यायचा यावर चर्चा झाली. गेट कुणी पीत नाही हो!

ठीक आहे. जिन्याखालचा पाइप मी स्वतः कापून आखूड केलाय, आता तो बादलीच्या काठापर्यंतही पोचत नाही, उडू दे किती उडायचं ते पाणी. ओव्हरफ्लो चेंबरपासून तोडायला आणि ते बूच काढून व्हॉल्व्ह दुरुस्त करायला प्लंबर येणार आहे. तो आला की मी मोजपट्टी घेऊन शेजारी उभी राहणार. 25 मिलिमीटरच्या आत भरलं तर पुन्हा कापायला लावणार, मग म्हणू देत मला किरकिरी.