मेंढा-लेखाविषयीच्या आक्षेपांना उत्तर

आपल्या सविस्तर आणि परखड प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. गावांच्या स्वावलंबनावरील माझ्या लेखाला आपण दोन आक्षेप घेतले आहेत. स्वावलंबनाचे गोडवे गायल्याने शाळा, दवाखाने, रस्ते यांची जबाबदारी झटकायला सरकारला आयतेच निमित्त मिळते, हा पहिला. आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा (थोडक्यात मेंढा) हे शंभरेक घरांचे, एकाच गोंड आदिवासी समाजाचे गाव असल्यामुळे जातींनी दुभंगलेल्या मोठ्या गावांना त्याचा दाखला देणे व्यर्थ आहे, हा दुसरा. पहिला मला पटत नाही. दुसऱ्यात बरेच तथ्य आहे.

'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या मेंढ्याच्या घोषणेचा उत्तरार्धच बहुतेकांच्या लक्षात राहतो. पूर्वार्धात मात्र दिल्ली-मुंबईच्या सरकारवरही हक्क सांगितलेला आहे आणि गावाने तो बजावला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात, म्हणजे गावकऱ्यांना गोळा करून विकता येणाऱ्या जंगलातल्या मालात धरला, २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही तोडलेला बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखाते देईना, कारण १९२७ च्या वन कायद्यानुसार तेव्हा बांबू म्हणजे झाड होते. परवान्याशिवाय माल हलत नाही आणि हलत नसलेला माल कोणी विकत घेत नाही, म्हणजे हक्क कागदावरच राहिला. गाव हटले नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्या गावाने सरकारला त्याच्याच कायद्याला जागायला लावले, त्याने सरकारला मोकळे सोडले असे कसे म्हणता येईल?

बांबू बाहेरच्या व्यापाऱ्यालाच विकला जातो, मग हे कसले स्वावलंबन, असेही आपण ओघात विचारले आहे. माझ्या मते काय विकायचे, किती तोडायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे गावाने ठरवणे यातच त्याचे मर्म आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने बांबूची विक्री स्वतःकडे घेतली, पण विडीसाठी लागणारी तेंदूपाने तोडणे बंद केले. पानांसाठी तेंदूची छाटणी होते आणि जंगलाला आगी लावल्या जातात, हे त्यामागचे कारण. हाती येणाऱ्या पैशावर स्वतःहून पाणी सोडण्याचा असा निर्णय मंत्रालयातून एखाद्या गावावर लादला गेला असता, तर तो अन्यायच ठरला असता.

आता दुसरा आक्षेप. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत. सर्वांची सहमती होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा चर्चेला येतो, आणि त्यामुळे एकट्या माणसाच्या विरोधालाही वजन असते. पण जिथे भूमिहीन मजूर ज्याच्या शेतावर राबतो त्याच्यासमोर तोंड उघडू शकत नाही, तिथे हीच पद्धत घातक ठरेल, कारण तिथे गप्प बसणे म्हणजे संमती असे धरले जाईल. मेंढ्याची पद्धत जशीच्या तशी उचलून अशा गावात नेऊ नये, हे आपले म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो.

मात्र तेवढ्यावरून स्वावलंबनाचा विचारच सोडून द्यावा, असे मला वाटत नाही. मेंढा हे गट ग्रामपंचायतीतले एक गाव होते, आणि ज्यांचे जगणे एकमेकांत गुंतलेले आहे अशा लहान वस्तीने एकत्र बसणे हाच तेथील कामाचा पाया आहे. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घोषित आदिवासी भागात, तेथील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याने पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. इतरत्र तशी सोय नसली, तरी ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे आणि बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरवरच्या सह्यांपुरती उरली आहे. ती सभा खरोखर भरवावी, दलित वस्तीची बैठक त्याच वस्तीत घ्यावी आणि दोन्हींचे ठराव ग्रामसभेत सर्वांत आधी वाचून दाखवावेत, अशी मागणी आपल्या गावात चार माणसे पुढील ग्रामसभेपूर्वी लेखी करू शकतात.