आवाजांची बेगमी

मे संपत आला की वेंगुर्ल्याच्या आमच्या घरात आगोटीची बेगमी सुरू होते. आमसुलं, सुके बांगडे, फणसाचे पापड. आईला रिकामा डबा दिसता कामा नये. यंदा मीही बेगमीला बसलो. माझ्या जुन्या जपानी सिंथेसायझरच्या पडद्यावर बॅटरी संपत आल्याची सूचना झळकत होती. ती नाण्याएवढी बॅटरी बदलायला काढली की बनवलेले आवाज साठवणारी मेमरी पुसली जाणार, आणि ३ पावसाळे घासून बनवलेली माझी सनईही जाणार. म्हणून आवाज आधी सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे सूर नोंदवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात, भरायचे.

अशी वाद्यं एकमेकांना जोडते ती मिडीची केबल. तिला पिना ५, कामाच्या ३. आमच्या भजनी मंडळाची हजेरीही साधारण अशीच. ‘आउट’ची वायर ‘आउट’मध्येच खुपसून मी अर्धा तास वाट पाहिली. मग ‘इन’मध्ये घातली, तरी ढिम्म! सिक्वेन्सर सूर घेत होता. पण हे आवाज ज्यातून जातात ते ‘सिस्टिम एक्सक्लुझिव्ह’ संदेश उंबऱ्यावरूनच परत पाठवत होता. फिल्टर नावाचा तो राखणदार तिसऱ्या मेनूच्या तळाशी सापडला आणि लाईट गेली.

रात्री लाईट आल्यावर ‘बल्क डम्प’, म्हणजे सगळे आवाज एकदम पाठवायचं बटण, दाबलं. मिडीच्या या केबलचा वेग १९८३पासून तोच, सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटमागे १० बिट, म्हणजे माझ्या २० हजार बाइटना जवळपास साडेसहा सेकंद लागणार. मी श्वास रोखला. आई पापड टाकून ऐकायला आली.

“माका कायच ऐकाक येना नाय.”

वायरीतून आवाज जात नाही, तो कसा बनवायचा त्याचे आकडे जातात, असं मी समजावलं.

“म्हणजे पापडाची कृती लिवन ठेवलंस, पापड नाय!”

एवढं सोपं करून मॅन्युअलनेही सांगितलं नव्हतं.

बॅटरी बदलली, मेमरीचं कुलूप काढलं, डम्प उलटा पाठवला. सनई परत आली. श्रावणात मी तिचा नाकातला सूर काढून तिला आणखी गोड केलं. एकच विसरलो. तो डम्प मी आरतीच्याच ट्रॅकच्या डोक्यावर रेकॉर्ड केला होता.

चतुर्थीला सगळे झांजा घेऊन उभे. मी ‘प्ले’ दाबलं. आवाज नाही! पडद्यावर ‘डेटा येत आहे’. माझ्या नव्या सनईवर मे महिन्यातली शेंबडी सनई बसत होती आणि मी नुसता बघत होतो. झांजा हवेत थबकलेल्या. शेजारीण काही बोलणार, तोच आईने तिचा हात दाबला.

“गप ऱ्हव गे. पापडाची कृती जाता हा.”