इंजिन फुटलं तरी चालेल, सील तुटता कामा नये

इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली की घाबरून गॅरेज शोधत सुटू नका. काचा वर करा, एसी दोनवर ठेवा आणि गाणी लावा. नाहीतरी स्पोर्ट्स कार तुम्ही आवाजासाठीच घेतली होती. आता एक आवाज जास्तीचा मिळतोय, आणि त्याचे वेगळे पैसेही लागलेले नाहीत.

तरीही चैन पडत नसेल तर शोरूमवाल्यांच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये जा. वॉरंटी बाकी आहे ना? मग दुसरीकडे बघायचंसुद्धा नाही. तिथे सोफा मऊ असतो, कॅपुचिनो फुकट असते आणि कडक इस्त्रीतला सर्व्हिस ॲडव्हायझर तुमच्या शेजारी बसून एक चक्कर मारून येतो. चक्कर गेटपासून सिग्नलपर्यंतची. उतरताना तो म्हणेल, "सर, परफॉर्मन्स इंजिन आहे, एवढं तर येणारच." मान डोलवा. "आमच्याकडे अशी ही पहिलीच कम्प्लेंट." पुन्हा डोलवा. समोरच्या सोफ्यावर तुमच्याच मॉडेलचा दुसरा मालक तशीच मान डोलवत बसलेला असेल, त्याच्याशी बोलायला जाऊ नका. दोन पहिल्या कम्प्लेंटी एकमेकींना भेटल्या की उगाच गैरसमज वाढतात.

ऑइल कमी होतंय अशी कुरकुर केलीत तर मात्र सगळं शास्त्रोक्त होतं. ऑइल खुणेपर्यंत भरतात, ड्रेन प्लगवर, म्हणजे ऑइल सोडायच्या बुचावर, रंगाचा ठिपका देतात, झाकणाला सील लावतात, किलोमीटर टिपून घेतात आणि सांगतात, हजार किलोमीटर चालवून आणा. तेवढ्यात इंजिन लिटरभर ऑइल प्यायलं तरी कित्येक युरोपीय गाड्यांच्या मॅन्युअलात ते 'नॉर्मल'च असतं, हे ते तुम्हाला नंतर सांगतील. आत्ताच कशाला तुमचा उत्साह घालवा?

आता मुंबईत हजार किलोमीटर आणायचे कुठून, एवढाच प्रश्न. कोस्टल रोड जेमतेम साडेदहा किलोमीटरचा. वेगमर्यादा ८०, बोगद्यात ६०. शंभरेक फेऱ्या मारल्या की झालं. अटल सेतूवर १०० ची मुभा आहे, पण एका बाजूचे २५० रुपये मोजून. मधे पावसाळा लागतो. हिंदमाताला पाणी भरलं की ही जमिनीला टेकलेली गाडी बाहेर काढायची हिंमत वॉचमनसुद्धा करू देत नाही, म्हणजे चार महिने ती कव्हरखाली. टेस्ट चालते किलोमीटरवर आणि वॉरंटी चालते कॅलेंडरवर. यात तुमचा दोष नाही, सर्व्हिस सेंटरचाही नाही. दोष फक्त इंजिनात आहे, आणि तोही अजून सिद्ध व्हायचाय.

सिद्ध कोणी करायचा? ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनीच. पेपर काढणारा, तपासणारा आणि रिचेकिंगची फी घेणारा एकच माणूस असला की निकाल कसा बिनचूक लागतो! तुम्हाला तो पटला नाही तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, जिल्हा आयोग आहे. पण तिकडे जायची घाई नको. तिथे दोष दाखवायचा म्हणजे तज्ज्ञाचा अहवाल आणा. तज्ज्ञ म्हणणार, इंजिन उघडल्याशिवाय सांगता येत नाही. आणि इंजिन उघडलं की सील तुटलं, सील तुटलं की वॉरंटी गेली. शिवाय तक्रारीला मुदत दोन वर्षांची. तेवढ्यात तुमच्या कोस्टल रोडच्या फेऱ्या पुऱ्या होतील असं धरून चाला.

मन खट्टू झालं तर पोर्शेच्या गाड्यांचा किस्सा आठवावा, फार धीर येतो. साधारण १९९७ ते २००८ या काळातल्या बॉक्सस्टर, केमन आणि ९११ गाड्यांच्या इंजिनात एक इंटरमीजिएट शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, असायचा. पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टची फिरकी साखळ्यांमार्फत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे पोचवायची, एवढंच त्याचं काम. त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग. आतलं ग्रीस कालांतराने धुऊन जायचं आणि सीलमुळे इंजिनाचं ताजं ऑइल तिथवर नीट पोचायचं नाही. म्हणजे बेअरिंग चोवीस तास ऑइलच्या शेजारी राहून कोरडंच. ते खिळखिळं झालं की शाफ्ट डुगडुगतो, टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन भंगारात. त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी३ यांचं इंजिन वेगळ्या घराण्याचं होतं, त्यांना हे दुखणं नव्हतं. म्हणजे इंजिन कसं बनवावं हे घरात माहीत होतं, फक्त सगळ्यांना सांगितलं नव्हतं.

पुढे अमेरिकेत २००१ ते २००५ च्या मॉडेलांसाठी मालकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. भरपाई कोणाला? ज्यांची गाडी दहा वर्षांच्या आणि १ लाख ३० हजार मैलांच्या आत बिघडली त्यांना. दहा वर्षं आणि एक दिवस टिकलेलं बेअरिंग हे उत्तम बेअरिंग. आणि २००९ च्या नव्या इंजिनातून तो शाफ्टच गायब झाला. इतका निर्दोष भाग कोणी काढून टाकतं का? पण मोठ्या कंपन्यांचा मोठेपणा असतो, आपण प्रश्न विचारू नयेत.

यातली सगळ्यात गोड गोष्ट पुढेच आहे. जाणकार सांगतात की हे बेअरिंग गाडी दामटून बिघडत नाही, जपून बिघडतं. कमी फेऱ्या, कमी आरपीएम, महिनोन्‌महिने तेच ऑइल, त्यात साचलेला ओलावा. म्हणजे रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला नेऊन आणायची आणि बाकी आठवडा सोसायटीच्या पार्किंगमध्ये रुमालाने पुसायची, ही आपली जी सात्त्विक पद्धत आहे, ती गाडीच्याच मुळावर येते.

आता धोक्याची सूचना. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत एखादा कुडाळकडचा मिस्त्री तुम्हाला भेटू शकतो. त्याच्यापासून लांब राहा. त्याची पहिली वाईट खोड म्हणजे तो जुना ऑइल फिल्टर टाकून देत नाही. कटरने कापतो, आतला कागद वर्तमानपत्रावर पसरतो आणि एकेक घडी अंगठ्याने उलगडत टॉर्च मारतो. घडीच्या तळाशी ऑइलमध्ये बारीक चमकी दिसते, गणपतीच्या मखरावरून झडावी तशी. त्यावरून तो चुंबक फिरवतो. काही कण उडी मारून चिकटतात. "ह्यां लोखंड आसा, साहेबांनू." जे चिकटत नाहीत ते ॲल्युमिनियम, आणि ते काळे तुकडे चेन गाइडच्या, म्हणजे साखळीला जागेवर ठेवणाऱ्या पट्टीच्या, प्लॅस्टिकचे. सर्व्हिस सेंटरमध्ये असला ओंगळ प्रकार कधी पाहिलात? तिथे फिल्टर 'डिस्पोज' होतो.

दुसरी खोड, तो उपाय सांगतो, त्या पोर्शेच्या बेअरिंगवरसुद्धा. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, मग क्लच आणि मागचं ऑइल सील त्याच खर्चात बघून घेऊ. जुनं बेअरिंग ओढून काढायचं, सिरॅमिक गोळ्यांचं नवं बसवायचं. साधारण २००६ पासूनचं मोठं बेअरिंग असेल तर इंजिन दोन भागांत फोडल्याशिवाय ते निघत नाही; तिथे निदान बाहेरचं सील उचकटून ऑइलला वाट करून द्यायची. म्हणजे पाहा, सील तोडणं हाच ज्याच्या लेखी इलाज, त्या माणसाच्या हाती तुम्ही लाखोंची गाडी देणार? कंपनीच्या भागांच्या यादीत हे बेअरिंग सुटं मिळतच नव्हतं, घ्यायचं तर शाफ्टसकट, यावरून तरी समजा की ते बदलायची वस्तू नव्हती. वर हा माणूस गॅरंटी देतो ती तोंडी, आणि बिल पक्कं की कच्चं ते तुम्हालाच विचारतो. सर्व्हिस सेंटरचं बघा, काम न केल्याचंसुद्धा जॉबकार्ड छापील मिळतं.

कोणी शहाणा तुम्हाला २०१४ चा आदेशही दाखवेल. भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता आणि बजावलं होतं की बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामाने बिघाड झाला असेल तर तेवढ्यापुरतीच. प्रकरण पुढे अपिलांत गेलं ते वेगळं. त्याची प्रिंट काढून काउंटरवर मात्र नेऊ नका. ॲडव्हायझरचं पोर चोविशीतलं असतं, त्याला टार्गेट असतं, ते वाचून बिचाऱ्याने काय करायचं? तो फार तर आत जाऊन येईल आणि "जर्मनीला मेल टाकलाय सर" म्हणेल.

त्या मेलचं उत्तर यायच्या आत गाडी विकून टाका. जाहिरातीत फोटो संध्याकाळच्या उन्हातला वरळी सीफेसचा घाला आणि इंजिन बंद असताना काढा. 'सिंगल ओनर, संडे ड्रिव्हन, फक्त १४ हजार किलोमीटर' हे तर लिहाच, पण 'पूर्ण कंपनी सर्व्हिस, बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागलेला नाही' हे ठळक अक्षरांत. भाव त्याच ओळीचा येतो.