आमच्या खांद्यावर बंदूक नको

आज दुपारी उद्योजकांच्या एका परिसंवादाला गेलो होतो. विषय राष्ट्रीय किमान वेतन. वेतन संहिता नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. आता केंद्र देशभरासाठी तळाचं वेतन ठरवणार, कुठल्याही राज्याला त्याखाली जाता येणार नाही. मग मालकांनी काय म्हणायचं? स्टेजवर एका मोठ्या कंपनीचे साहेब होते. माईक हातात घेऊन म्हणाले, "तळ वर नेला तर आमच्याआधी छोटा वर्कशॉपवाला मरेल."

छोटा वर्कशॉपवाला म्हणजे मी. कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी, अकरा माणसं.

साहेब मला ओळखत नाहीत, पण मी त्यांच्या कंपनीचं जॉबवर्क करतो, म्हणजे त्यांच्या ऑर्डरचे पीस बनवून देतो, त्यामुळे कंपनीला चांगला ओळखतो. तीन वर्षांपूर्वी जुलैत विशेष भत्ता (किमान वेतनातला महागाईचा भाग) वाढला, तेव्हा शासनाचा कागद घेऊन त्यांच्या पर्चेसला गेलो होतो. पीसला साडेअकरा मिळायचे, बारा मागितले. पर्चेसवाल्याने कागद वाचलाही नाही, त्यावर चहाचा कप ठेवला. "शेजारचा अकरात करतोय. बघा तुम्ही."

तो गोल डाग पडलेला कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आणि आज त्याच कंपनीला आमची काळजी! अहो, आम्हाला मारतंय कोण? माझा हेल्पर की तुमचा रेट? 45 दिवसांत पेमेंट करायचा कायदा 2006 चा आहे, आम्हाला 90 दिवसांनी मिळतं, तेही चार फोन केल्यावर.

वेतन ठरवणाऱ्या समितीत मालक आणि कामगार सारख्या संख्येने, असं 1948 च्या कायद्यापासून आहे. कागदावर छानच. पण मालकांच्या खुर्चीत बसतं कोण? ज्याच्याकडे दिवसभर मीटिंगला जायला वेळ आहे तो. मी गेलो तर सीएनसी मशीन कोण बघणार?

मग एकजण उठले, "मालकाची ऐपत बघून ठरवा." कोर्टाने कितीदा सांगून झालंय की किमान वेतनाला ऐपत बघायची नसते. 1957 साली मालक, कामगार आणि सरकारने एकत्र बसून हिशोब मांडला होता. माणसाला 2700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, सरपण. सुप्रीम कोर्टाने पुढे शाळा, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांचे 25 टक्के त्यात घातले. हिशोब पोटापासून सुरू होतो, ताळेबंदापासून नाही. तरी काय झालं? 2019 च्या तज्ज्ञ समितीने देशाचा तळ दिवसाला 375 रुपये सुचवला आणि सरकारने तो 176 चा 178 केला. दोन रुपये! दोन रुपयांत कटिंगसुद्धा येत नाही.

बरं, मुंबईचं भाडं आणि बिहारचं भाडं एक नाही, हे मान्य. म्हणून तर तो तळ आहे, वर राज्यं आहेतच.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला, तर हेही सांगून टाकतो. मी काही साधू नाही. त्या पर्चेसमधून परत आलो त्या महिन्यापासून जवळजवळ वर्षभर मी ओव्हरटाइम दुप्पट दिला नाही, सिंगलच दिला. हेल्पर काही बोलला नाही. जेवायला बसला की एक भाकरी परत फडक्यात बांधायचा, रात्रीसाठी. ते मी बघायचो आणि केबिनमध्ये जायचो. नंतर फरक दिला, पण वर्षाने. कपाखालच्या कागदाचा राग मी कुणावर काढला, ते माझं मला माहीत.

म्हणून म्हणतो, मालकांचं मत विचारायचंच असेल तर आम्हालाही विचारा. किमान वेतन वाढलं की जॉबवर्कचा रेटही त्याच तारखेपासून आपोआप वाढला पाहिजे, हे माझं मत. तळ 375 करा नाहीतर 500, मी देतो. फक्त पर्चेसच्या टेबलावर माझा कागद वाचला जाऊ दे.

परिसंवाद संपल्यावर साहेब खाली आले, हात मिळवला, म्हणाले, "या एकदा चहाला."

पोस्टमध्ये त्यांना टॅग करायचं तर खुशाल करा. पेमेंट आधीच अडकलंय, आणखी काय अडकवणार?