फुकटचं खत? आधी एक ढेकूळ पाण्यात टाका

जळगाव-धुळ्याकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी म्हणजे फुकटचं खत. पाणी एकदम निर्मळ. आपल्या काळ्या जमिनीला काही होत नाही. इस्रायल यावरच शेती करतं."

खताचं म्हणणं अर्धं खरं आहे. लिटरमागे 30 मिलिग्रॅम नत्र धरा. हेक्टरी 100 मिलिमीटर पाणी म्हणजे 10 लाख लिटर, त्यातून 30 किलो नत्र गेलं. पण ते पाण्याच्या पाळीनं येतं, पिकाच्या भुकेनं नाही. बोंडं भरायच्या वेळी कपाशी नुसती माजते, वर मावा-तुडतुडे.

निर्मळ? प्रक्रियेत गाळ आणि सेंद्रिय घाण निघते. डिटर्जंटचं, मिठाचं सोडियम विरघळलेलं असतं. नेहमीच्या केंद्रातून ते जसंच्या तसं बाहेर पडतं. डोळ्याला ते दिसणार कसं?

आणि काळ्या जमिनीचं तर नेमकं उलटं आहे. रेताड जमिनीपेक्षा तिलाच धोका जास्त, कारण तिच्यात चिकणमाती भरपूर. सोडियम चढलं की मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रं बुजतात, पाणी वर तुंबून राहतं, लवकर वाफसा येत नाही. आपण चोपण म्हणतो ती हीच. घरी बघता येतं: वाळलेल्या ढेकळाचा बोराएवढा तुकडा काचेच्या पेल्यात, पावसाच्या किंवा बॅटरीत भरायच्या डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. तो ढासळून पसरला तरी घाबरू नका. दोन तासांनी भोवती दुधाळ ढग दिसला, तर मात्र सोडियमचा संशय धरा. जिप्सम टाकून दुरुस्ती होते खरी, पण सुटलेलं सोडियम खाली वाहून जायला निचरा लागतो, आणि नेमका तोच बंद पडलेला असतो!

इस्रायलचं अर्धंच सांगितलंय. तिथेही चिकण जमिनीतल्या अॅव्होकॅडोच्या बागांना या पाण्याचा त्रास झाला, आणि पाण्यातल्या क्षारांवर तिथे नियम आहेत.

पाणी द्यायचंच, तर आधी नमुना तपासा: ईसी (एकूण विरघळलेले क्षार), एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानानं सोडियम किती), आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा वरचढ कार्बोनेट-बायकार्बोनेट किती). आरएससी 2.5 च्या वर असेल, तर काळ्या रानात नकोच. 1.25 च्या आत असेल आणि एसएआरही कमी असेल, तर विहिरीच्या पाण्याशी आलटूनपालटून द्या. ठिबकवर घ्यायचं तर सँड फिल्टर हवाच, नाहीतर ड्रिपर बुजतात. कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यात मात्र, कच्चं खायचं म्हणून, मी तरी सोडणार नाही.