तिसरीत प्रयोग कशाला, म्हणणाऱ्यांना

‘प्राथमिक शाळेत विज्ञानाचे प्रयोग म्हणजे पोरखेळ. आधी माहिती पक्की पाठ होऊ द्या, प्रयोगाचं आठवीनंतर बघू.’ शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर अशा अर्थाचा मजकूर अधूनमधून फिरतो. सोबत कारणांची माळ असते: साहित्याला पैसे नाहीत, पट मोठा, अभ्यासक्रम पुरा होत नाही, संशोधनही विरोधात, आता यूट्यूब आहेच, आणि परीक्षेत प्रयोग येत नाही. खाली भराभर अंगठे पडतात. यातली काही कारणं खरी आहेत, काही नुसती ठोकून दिलेली.

पैशाचं आधी उरकतो. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. पुढे हे काम सुमारे हजार शाळांपर्यंत गेलं आणि २००२ मध्ये सरकारने ते बंद करेपर्यंत चाललं. वर्ग सहावी ते आठवीचे होते हे मान्य, पण शाळा खेड्यातल्या आणि सरकारीच होत्या. पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) काम करणारे इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन उभे केले. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही, हे मुलाच्या बोटांना कळतं. खर्च काय, तर एक काडेपेटी आणि वीतभर ट्यूब.

पट मोठा आहे, ही मात्र खरी अडचण. शिक्षण हक्क कायद्यात ३० मुलांमागे एक शिक्षक लिहिलेला असला, तरी द्विशिक्षकी शाळेतल्या बाईंसमोर दोन-तीन इयत्ता एकदम बसलेल्या असतात. होशंगाबादमध्ये यावर चार-चार मुलांच्या टोळ्या हा उपाय होता. चाळीस मुलं म्हणजे दहा टोळ्या, दहा वाट्या, दहा बिया. गोंगाट होतो, नाही कुठे? पण साहेब आले की वर्ग चिडीचूप हवा, हा आपला धाक जुना आहे. त्याचं खापर प्रयोगावर कशाला?

‘वेळ नाही’ या मुद्द्यावर जरा थांबू. परिसर अभ्यासात बी रुजण्याचा धडा असतो. वाचून, प्रश्नोत्तरं लिहून दोन तासिका जातात. आता रात्री मूठभर वाल भिजत घाला. सकाळी साल अलगद सुटतं. आत दोन डाळी, आणि त्यांच्या फटीत चिमुकला कोंब, टोकाला दुमडलेली पानं. ‘बाई, ह्याच्या डाळिंब्या करते आई,’ असं कोणीतरी म्हणणारच. म्हणू द्या. मग काचेच्या बरणीत आतून ओला वर्तमानपत्राचा कागद लावायचा आणि काच व कागद यांच्यामध्ये चार वाल अडकवायचे: एकाचा डोळा (जिथून कोंब फुटतो ती बाजू) वर, एकाचा खाली, दोन आडवे. मूळ कुठून आणि कुठे जाईल, ते आधी वहीत लिहून घ्यायचं. डोळा वर केलेल्या वालाचं मूळ वर जाईल, असं लिहिणारी मुलं बरीच निघतात. तीन-चार दिवसांत मूळ फुटतं आणि वळसा घेऊन खालीच जातं. कोणी विचारलं, ‘बरणीच आडवी केली तर?’ तर करा आडवी. मूळ पुन्हा वळतं. यात रोज परिपाठानंतरची पाच मिनिटं जातात. धडा वेगळा ‘घ्यावा’ लागतच नाही.

संशोधनाचा दाखला मात्र अर्धाच दिलेला असतो. २००४ साली डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांनी अमेरिकेत तिसरी-चौथीच्या ११२ मुलांचा अभ्यास केला. उतारावरून चेंडू किती लांब जातो, हे तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे कोणाला जमतं, असा प्रश्न होता. ज्यांना नीट उदाहरणं देऊन समजावलं, ती मुलं आपापलं शोधा म्हणून सोडून दिलेल्यांपेक्षा बरीच पुढे गेली. इथवर मजकूर बरोबर आहे. पण उतार आणि चेंडू दोन्ही गटांकडे होते! मुलांच्या हाती साहित्य देऊन बाईंनी खुर्चीत बसू नये, एवढंच यातून निघतं. ते कोणीही कबूल करेल.

राहिला व्हिडिओ. ताटलीत पाणी, मधे जळती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी वर चढतं. कितीतरी व्हिडिओंत याचं स्पष्टीकरण येतं की ऑक्सिजन जळून संपला, म्हणून पाणी त्याच्या जागी आलं. चौथीचा वर्ग हे स्वतः खोडून काढू शकतो. काडी बाईंनी ओढायची, बघायचं मुलांनी. ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे निघतात. पाणी खरं झरकन चढतं ते ज्योत विझल्यावर. आणि एका मेणबत्तीऐवजी तीन लावल्या, तर त्याच ग्लासात पाणी जास्त चढतं. ग्लास तोच, मग ऑक्सिजन वाढला कुठून? तापलेली हवा फुगून थोडी बाहेर गेली आणि उरलेली निवल्यावर आकसली, इथपर्यंत मुलं थोड्या मदतीने पोचतात. व्हिडिओला ‘अजून दोन लावून बघू या’ असं सांगता येत नाही.

‘परीक्षेत प्रयोग येत नाही’ हे तर आपल्याच कागदपत्रांना धरून नाही. २०१०च्या शासन निर्णयापासून पहिली ते आठवीच्या आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात ‘प्रात्यक्षिक/प्रयोग’ असा रकाना आहे. बऱ्याच ठिकाणी सत्र संपताना एका बैठकीत त्यात गुण भरले जातात. प्राथमिकला प्रयोग नकोत असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी निदान तो रकाना तरी कोरा ठेवावा.