हार्ड डिस्क बदलून मिळते, आतलं कोण भरून देणार?

गेली बरीच वर्षं मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामात आहे. बंद पडलेली हार्ड डिस्क घेऊन आलेला माणूस नवीन डिस्क कितीला पडेल हे आधी विचारत नाही. "फोटो निघतील ना?" हाच पहिला प्रश्न. मध्यंतरी एक काकू आल्या होत्या. काकांची साठी, नातवाचं बारसं, सगळं एकाच एक्स्टर्नल डिस्कवर. कानाशी धरली तर टक्, टक्, जरा थांबून पुन्हा टक्. हेडला (डेटा वाचणारा भाग) प्लॅटरवरच्या (डेटा साठवणारी आतली चकती) खुणा सापडत नव्हत्या, म्हणून ते सारखं मागे जाऊन पुन्हा शोधत होतं. वॉरंटी शिल्लक होती. कंपनीने डिस्क बदलून दिली, तीही दुरुस्त केलेली, आणि जुनी ठेवून घेतली. डेटाची जबाबदारी आमची नाही, हे वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं होतंच. तक्रार निकाली!

मला हे अजिबात मान्य नाही. आणि हे आजचंही नाही.

1990 च्या दशकात अमेरिकेत आयोमेगा कंपनीचे झिप ड्राइव्ह, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या झिप डिस्क चालवणारे ड्राइव्ह, धडाक्यात खपले. फ्लॉपीत 1.44 एमबी मावायचे तेव्हा झिप डिस्कवर 100 एमबी. मग ड्राइव्ह टकटक करून मरायला लागले. लोक त्याला 'क्लिक ऑफ डेथ' म्हणायचे. यातली भयंकर गोष्ट अशी की हा बिघाड पसरायचा. बिघडलेलं हेड डिस्कची कड फाडायचं आणि ती फाटकी डिस्क "चालते का बघू" म्हणून मित्राच्या चांगल्या ड्राइव्हमध्ये घातली की त्याचंही हेड जायचं. 1998 मध्ये तिथल्या डेलावेअर राज्यात ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा दाखल झाला. जबाबदारी नाकारणारं कलम आम्ही खोक्यातल्या कागदावर छापलंय, हा कंपनीचा बचाव. म्हणजे पैसे मोजायचे, घरी यायचं, खोकं फोडायचं आणि मग कळणार की आपल्याला हक्कच नाही! 1999 मध्ये न्यायालयाने ते कलम वैध धरलं. 2001 च्या तडजोडीत लोकांना मिळालं काय, तर त्याच कंपनीचा पुढचा माल घेतल्यास सवलत. ज्यांचा डेटा गेला त्यांनी पुन्हा तिथेच जाऊन खरेदी करायची. याला भरपाई म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुढे 2016 मध्ये सीगेट कंपनीच्या 3 टीबी हार्ड डिस्कवर कॅलिफोर्नियात दावा झाला. त्याला आधार होता बॅकब्लेझ या ऑनलाइन बॅकअप कंपनीच्या आकडेवारीचा. तिच्याकडे त्या मॉडेलच्या हजारो डिस्क होत्या आणि किती बंद पडल्या हे ती जाहीर करत होती. तरीही सगळ्या ग्राहकांचा मिळून एक दावा चालवायला न्यायालयाने परवानगी दिली नाही. पण एकट्याची डिस्क गेली तर ती "नशीब" ठरते. मॉडेलच सदोष आहे हे हजारोंचा हिशोब असल्याशिवाय दिसत नाही, आणि असा हिशोब कंपनीकडे असतोच. मॉडेलनुसार बिघाडाचं प्रमाण जाहीर करायची सक्ती का नसावी?

आपल्याकडे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा पुष्कळ बरा आहे. सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीसाठी उत्पादकाला थेट जबाबदार धरता येतं. कलम 35 खाली समान तक्रार असलेले लोक जिल्हा ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. पण 'हानी'ची व्याख्या वाचा. उत्पादनाचं स्वतःचं नुकसान त्यात धरत नाहीत, आर्थिक तोटाही नाही. इतर मालमत्तेचं नुकसान धरतात आणि त्यातून झालेला मनस्तापही. मग काकूंचे फोटो ही मालमत्ता की नाही? व्याख्येत डेटाचा उल्लेखच नाही. तो स्पष्ट शब्दांत यायला हवा, अशी माझी ठाम मागणी आहे. बॅकअप ठेवायला हवा हे मलाही कळतं, रोज गिऱ्हाइकांना तेच सांगतो. पण त्याने सदोष माल विकणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही.

तोवर एवढं करा. डिस्क बदलून घेण्याआधी आतला डेटा निघतो का हे तज्ज्ञाला दाखवा, कारण जुनी डिस्क परत मिळत नाही. बिल, कंपनीशी झालेले ईमेल, डेटा रिकव्हरीचं कोटेशन, सगळं जपा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे दाद मिळाली नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. आणि अर्जात डिस्कच्या किमतीबरोबर गेलेल्या डेटाचीही भरपाई मागा, काय काय गेलं ते एकेक लिहून.